गेमिंग सेंटरचं कर्जप्रकरण कुठे अडतं? या चुका टाळा

शाखाधिकाऱ्यांनी फाइलचं पहिलं पान उघडलं, ‘गेमिंग’ या शब्दावर पेन टेकवलं आणि विचारलं, “रमीचं आहे का काही?”

समोर बसलेला पोरगा गोंधळला. “नाही सर, पीसीवर गेम... व्हॅलोरंट, फिफा...” साहेबांची शंका काही फिटली नाही. “ठेवून जा, बघतो,” म्हणाले आणि फाइल बाजूच्या ढिगाऱ्यात गेली.

मी छोट्या धंद्यांची कर्जप्रकरणं तयार करून देतो. त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि ती चूक माझीही होती. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि अशा व्यवहारांना हात लावायलाही बँकांना मनाई केली. त्यामुळे ‘गेमिंग’ शब्द दिसला की बँकेतला माणूस सावध होणारच. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता दिली आहे, पण ते फाइलमध्ये आपणच लिहायला हवं. पुढच्या वेळी आम्ही पहिल्याच पानावर लिहिलं: ‘संगणक व कन्सोल ताशी दराने खेळायला देणारं केंद्र. पैजा, सट्टा किंवा पैसे लावून खेळायचा कोणताही खेळ नाही.’ खाली मशीनची यादी आणि जागेचा नकाशा जोडला. या वेळी प्रश्न आले ते भाड्याचे आणि विजेच्या बिलाचे, म्हणजे धंद्याचे. प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसांच्या स्पर्धा भरवायचा विचार असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय त्यातलं उत्पन्न प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरू नका.

‘किती मिळेल?’ इथून सुरुवात करणं

माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण पहिल्यांदा हेच विचारतात. त्यांना मी उलटं विचारतो: मार्च महिन्यात किती हप्ता झेपेल? कारण तुमचं गिऱ्हाईक शाळा-कॉलेजचं आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा लागल्या की खुर्च्या रिकाम्या पडतात, मे महिन्यात बसायला जागा नसते. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच.

कागदावर मांडून बघा. 10 पीसी, ताशी 50 रुपये, दिवसाला 12 तास. सगळ्या खुर्च्या कायम भरलेल्या धरल्या तर रोजचे 6,000 येतात, आणि हाच आकडा महिन्याला 1 लाख 80 हजार म्हणून रिपोर्टमध्ये टाकलेला मी कितीदा पाहिला आहे. खरं तर 35 टक्के भरलं तर रोजचे 2,100, महिन्याचे 63,000. त्यातून भाडं 20,000, एसीसकट वीज 14,000, एक माणूस 12,000, इंटरनेट 2,500 वजा करा. उरले 14,500. 8 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 17,400 बसतो. म्हणजे दर महिन्याला खिशातून जवळपास तीन हजार घालायचे, आणि अजून तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही. हेच केंद्र 50 टक्के भरलं तर महिन्याला 90,000 येतात आणि वाढीव वीजबिल सोसूनही हप्ता आरामात निघतो.

म्हणून 10 ऐवजी 6 पीसी आणि 1 कन्सोलवर सुरुवात करा, असं मी अगदी आग्रहाने सांगतो. आणि सुरुवातीचे 3 ते 6 महिने हप्त्यात सवलत द्या, हे अर्जातच मागा. मंजुरीनंतर आठवलं तर उशीर झालेला असतो.

मंजुरीआधीच मशीन आणणं

दिवाळीच्या ऑफरमध्ये ग्राफिक्स कार्ड स्वस्त मिळालं म्हणून पोरं घरच्या पैशाने चार पीसी उभे करतात आणि मग बँकेकडे जातात. कर्जातून मशीनचे पैसे बँक थेट दुकानदाराला देते, तेही जीएसटी क्रमांक असलेल्या कोटेशनवर. आधीच आणलेल्या मशीनचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. सेकंड-हँड मशीन नजरगहाण (वस्तू आपल्याकडेच, हक्क बँकेचा) ठेवायलाही बँका तयार नसतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, तर अट स्पष्ट आहे: उद्योग नवीनच हवा. चालू केंद्र दाखवलंत की प्रकरण तिथेच संपलं. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना घ्यायची असेल तर आधी त्यांचं पात्रता पत्र काढायचं आणि मगच बँकेत कर्ज उचलायचं. हा क्रम उलटा झाला म्हणून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

अनुदान हातात येईल असं धरणं

पीएमईजीपीत सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. खुल्या वर्गाला शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटाला 25 आणि 35 टक्के. ऐकायला फार छान वाटतं. पण ही रक्कम 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहते आणि केंद्र चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. तिच्यावर दुकानाचं डिपॉझिट किंवा फर्निचर ठरवू नका. स्वतःचे 10 टक्के (विशेष गटाला 5) आधी उभे करावेच लागतात. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, हे जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा.

मुद्रा कर्जात असं अनुदान नाही, पण तारणही नाही. त्यातले प्रकार: ‘किशोर’ 5 लाखांपर्यंत, ‘तरुण’ 10 लाखांपर्यंत. ऑक्टोबर 2024 पासून आलेलं 20 लाखांचं ‘तरुण प्लस’ आधीचं ‘तरुण’ कर्ज फेडलेल्यांसाठी आहे. नव्या माणसाने त्याच्या मागे लागू नये. मुद्रा कर्ज बँकच देते, त्याला एजंट लागत नाही. ‘फाइल चार्ज’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, तीही सरकारी पोर्टलवर फुकट होते.

‘स्टार्टअप इंडिया’मधून निधी मिळेल का, असंही विचारतात. तिथे काहीतरी नवं आणि मोठं होऊ शकणारं हवं असतं. गल्लीतलं गेमिंग सेंटर चांगला धंदा आहे, पण त्या व्याख्येत बसत नाही.

जागा आधी, परवाना नंतर

25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि लहान मुलांसह 27 जण गेले. त्या जागेला अग्निशमन दलाचा ना हरकत दाखलाही नव्हता. आपल्याकडे मुलंच येणार आहेत, म्हणून तळघरातला स्वस्त गाळा मला दाखवूच नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली करमणुकीच्या जागांना परवान्याचं बंधन घालायचे अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहेत. तेव्हा पोलीस ठाणं, महापालिका, अग्निशमन दल आणि सोसायटी, चौघांकडे विचारून मगच डिपॉझिट द्या. विजेचा मंजूर भार किती आहे तेही बघा. 10 पीसी आणि दोन एसी जुन्या सिंगल फेजवर ओढत नाहीत, आणि थ्री फेजचा खर्च रिपोर्टमध्ये कुणी धरलेला नसतो.

प्रकरण नाकारलं तर

कारण लेखी मागा. “वरून होत नाही” हे कारण नव्हे. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून दिलेले गुण, कमी असेल तर पत अहवाल काढा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कित्येकदा मोबाइल हप्त्यावर घेतलेला असतो, पैसे फिटलेले असतात, पण खातं बंद झालेलं दिसत नाही. ते दुरुस्त करून घ्या. छोट्या उद्योगाला 20 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी (1 एप्रिल 2026 आधी मंजूर झालेल्या कर्जांना 10 लाखांपर्यंत) तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी घराचे कागद मागितले, तर हा नियम नम्रपणे दाखवा आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्या.

तोवर थांबायचं नसेल, तर मित्रांकडून पैसे उभे करतात. करा, पण मित्राने दिलेले दोन लाख उसने की भागीदारी, हे त्याच दिवशी कागदावर येऊ द्या. उसने असतील तर परतीची तारीख लिहा. भागीदारी असेल तर नफ्याचा वाटा लिहा, आणि केंद्र बंद पडलं तर मशीन कुणाची हेही लिहा.