पाऊस येण्याआधी माडाचा शेंडा बघून घ्या

निरोगी माड साधारण महिन्याला एक पोय, म्हणजे फुलोरा, सोडतो. त्यामुळे वर सुपारीएवढी बोंडं आणि खाली पिकलेला नारळ, असं वर्षभराचं पीक एकाच वेळी झाडावर दिसतं. तेव्हा ‘काढणी कधी करू?’ असं विचारण्याआधी त्या नारळाचं करायचं काय, ते ठरवा.

पाणी प्यायचं असेल तर ६-७ महिन्यांचं शहाळं काढा. त्यानंतर पाणी आटत जातं आणि मलईचं खोबरं होत जातं. शहाळ्याची पेंड (घड) वरून टाकू नका, दोरीने उतरवा. खोबरं आणि तेलासाठी मात्र ११-१२ महिने थांबावंच लागतं. नारळ कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर तो तयार. शहाळं काठोकाठ भरलेलं असतं, त्याचा आवाज येत नाही. घाईने काढलेल्या कोवळ्या नारळाचं खोबरं वाळल्यावर रबरासारखं वातड होतं आणि तेलही कमी देतं. रोपांसाठीचा नारळ दरवर्षी भरपूर आणि नेमाने धरणाऱ्या माडाचाच घ्यावा, आणि तोही पूर्ण पिकलेला.

खोबरं उन्हात वाळवायचं काम पाऊस सुरू होण्याआधी उरकून घ्या. ताज्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं, ते ६ टक्क्यांपर्यंत आणायचं असतं. फोडलेल्या वाट्या आधी पालथ्या घालून निथळू द्या, मग उताण्या ठेवा. दोनेक दिवसांत खोबरं करवंटीपासून सुटू लागतं, ते काढून पुन्हा वाळवा. ढगाळ हवेत बुरशी आलीच तर ‘वरवर पुसलं की झालं’ असं म्हणू नका. त्या बुरशीचं विष पुसून जात नाही. पावसात वाळवणी यंत्र नसेल तर नारळ न फोडता ठेवलेला बरा.

माणूस माडावर चढलाच आहे तर त्याला नुसते नारळ पाडायला लावू नका, शेंडाही बघायला सांगा. उमललेल्या झावळीला कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी खोच दिसली की ते काम गेंड्या भुंग्याचं. भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढा. पण त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, म्हणून खड्डा उकरून त्या वेचल्या नाहीत तर भुंगे पुन्हा येतच राहतात. कोवळी सुई, म्हणजे शेंड्याची न उमललेली झावळी, पिवळी पडून हाताने सहज उपटून आली आणि बुडाशी घाण वास आला, तर कोंब कुजतोय. कुजलेला सगळा भाग खरवडून जाळा, जखमेवर मोरचूद आणि चुन्याचं १० टक्के बोर्डो मलम लावा आणि नवा कोंब येईपर्यंत पाणी जाणार नाही असं झाका. शेजारच्या माडांवर पावसाआधीच १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा.

शेंडा ‘साफ’ करण्याच्या नादात हिरव्या झावळ्या मात्र तोडू नका. पेंडीचा आधार जातो, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन अंडी घालतो. तो आत शिरल्याचं बहुतेकदा उशिराच कळतं.

नारळाची सोललेली सोडणं (वरची काथ्याची सालं) चुलीत घालण्याआधी थोडा विचार करा. काथ्या काढायचा नसेल तर पहिल्या पावसात आळ्यात, खोडापासून थोडं लांब, पोकळ बाजू वर करून थर द्या आणि मातीने झाका. ती पाणी धरून ठेवतात, शिवाय त्यांतलं पालाश (पोटॅश) हळूहळू माडालाच परत मिळतं.