चिल्लरीतलं चुकीचं नाणं

मासळीबाजारातून आलेली चिल्लर गल्ल्यात टाकण्याआधी चाळा; टांकसाळीत चुकीचं छापलं गेलेलं नाणं संग्राहक विकत घेतात. सिंहमुद्रा सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवा; मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती ठळक तिरकी किंवा उलटी दिसली, तर ती छापताना साचा फिरल्याची चूक. छाप एका बाजूला सरकून कोरी चंद्रकोर उरली असेल तर आणखी उत्तम. खाऱ्या हवेने काळवंडलेलं, गंजलेलं नाणं मात्र चूक नव्हे. सालाखालचा, पत्त्यांतल्यासारखा छोटा चौकट हीही चूक नाही, ती मुंबई टांकसाळीची खूण.

सापडलंच तर आमसुलाने घासू नका! चकाकी येते, किंमत उतरते. विकताना कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ शुल्क मागितलं तर सरळ फोन ठेवा. बँकेनेच २०२१ मध्ये तसा इशारा दिला आहे.