पिकअप ७०-८० ला थरथरते? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

पिंपळगावहून वाशी मार्केटला माल टाकून मी रिकामा परत निघालो की नेमकं ७०-७५ ला सीटखाली घुर्रर्र सुरू व्हायचं, ६० ला काही नाही, ८५ ला परत कमी, आणि गाडी भरलेली असली की जवळजवळ गायब. मी टायर बदलले, दोनदा बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, पैसे गेले आणि थरथर तिथल्या तिथंच. म्हणून सांगतो भावांनो, खिशात हात घालायच्या आधी थरथर कशाच्या मागे लागलीय ते शोधा, स्पीडच्या, इंजिनच्या की लोडच्या.

सपाट, सरळ, मोकळा रस्ता बघा आणि शेजारी कोणीतरी बसवा. ज्या स्पीडला थरथरतं तोच स्पीड चौथ्यात धरा, मग पाचव्यात. इंजिनचा आवाज बदलला पण थरथर तीच राहिली तर इंजिन-क्लच सोडून द्या, दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. मग त्याच स्पीडला क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, चावीला हात लावू नका, आणि घाटात तर हे अजिबात करायचं नाही. न्यूट्रलला पण तेवढंच हादरतंय तर टायर, चाकाची डिस्क किंवा शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा, बॅलन्स. रेस दिली की वाढतं आणि सोडली की बदलतं असं असेल तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा), शाफ्टचा कोन नाहीतर पिनियन बेअरिंग (शाफ्ट मागच्या एक्सलमध्ये शिरते तिथलं).

टायर की शाफ्ट हे हाताला पण कळतं. १५ इंची रिमचं पिकअपचं टायर ८० च्या स्पीडला सेकंदाला साधारण १० फेरे मारतं, आणि डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचा, रेशो ४ च्या आसपास असला (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार) तर शाफ्ट ४० फेरे. त्यामुळे टायरचा दोष धड-धड असा सुटासुटा लागतो, पुढचं टायर असेल तर स्टेअरिंगला, मागचं असेल तर सीटला. शाफ्टचा मात्र बारीक गुणगुणल्यासारखा, पायाखालच्या पत्र्यात येतो.

आता खाली शिरा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा, मागचा एक्सल स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने योक (क्रॉस धरणारा दुबेळका) धरून उलटसुलट पिळा, क्रॉसमध्ये जरा जरी ढिलेपणा लागला तर तो गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या टोपीसारख्या कपाभोवती तांबडी गंजाची पावडर दिसली तर आत ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया सुकल्यात. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का बघा, शाफ्टवर वाळलेला चिखल असेल तर धुऊन काढा, आणि बॅलन्सची वेल्ड केलेली पट्टी उडाली असेल तर तिथं नुसता वेल्डचा डाग दिसतो.

क्लचच्या कामाला शाफ्ट उतरवली होती का, हे गॅरेजवाल्याला नक्की विचारा. उतरवताना दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकत्या) आणि सरकणाऱ्या स्प्लाइनवर (दातेरी जोड) पेंटची खूण करायलाच हवी, कारण स्प्लाइन एक दात जरी चुकून बसली तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवे क्रॉस टाकूनही गाडी हादरतेच.

माझ्या गाडीत शेवटी सापडलं ते पाट्यात, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत. कांद्याच्या सीझनला मागे एक जादा पाटा टाकला होता, त्याने रिकामी गाडी मागून उचलली गेली आणि शाफ्टचा उतार वाढला. क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेते आणि दोनदा सोडते, दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकाला जिरतो, नाहीतर सगळं सीटखाली येतं. भरल्यावर गाडी खाली बसायची, कोन जागेवर यायचा, म्हणून तेव्हा शांत. जादा पाटा काढला, यू-बोल्ट परत टाइट केले आणि त्याच दिवशी रिकामी गाडी घोटीपर्यंत नेऊन आणली, ७५ ला डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी हललं नाही.