खानोलकर सापडले, आरती प्रभू नाही

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी बावीस वर्षं आहे. त्यातली शेवटची सहा संगणकासमोर गेली. 'कोहा' ही ग्रंथालयाच्या कामाची संगणक प्रणाली सुरू करून जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तेव्हा आमचे जुने सभासद, मराठीचे निवृत्त शिक्षक, काउंटरवर आले. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. "खानोलकरांचं काय काय आहे, यादी काढून द्या बाई," म्हणाले. मी आडनाव टाइप करून एंटर दाबलं. कादंबऱ्या आल्या, नाटकं आली. गुरुजींनी चष्मा पुसला, पडद्यावर वाकून पाहिलं आणि विचारलं, "आणि कविता?"

कविता मागच्या कपाटात होत्या, मला जागा पाठ होती. पण त्या 'आरती प्रभू' या नावाखाली नोंदलेल्या. चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू हा एकच माणूस, हे संगणकाला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या कार्ड कॅटलॉगमध्ये त्यासाठी 'पाहा' असं एक पिवळं पडलेलं कार्ड होतं, माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या सुवाच्य अक्षरातलं. नोंदी संगणकावर चढवताना ते कार्ड मागे राहिलं, कारण त्यावर दाखल क्रमांक नव्हता.

नव्याने रुजू झालेली मुलंमुली विचारतात, कोहा शिकायला किती दिवस लागतात? देवघेव, सभासद नोंदणी, बारकोड छापणं ही कामं आठवड्याभरात हाताला बसतात. कोहा मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी ती बनली, २००० साली चालू झाली, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तुमच्याकडे एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं 'ई-ग्रंथालय' असेल किंवा महाविद्यालयात इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या संस्थेचं 'सोल' असेल, तरी बटणं शिकण्याचा भाग सारखाच सोपा. वेळ जातो तो आपल्या मराठी पुस्तकांना त्यात नीट बसवण्यात, आणि तिथे कुणी शिकवायला येत नाही.

गुरुजी आले त्या दिवशी मी ऑथॉरिटी फाइल, म्हणजे लेखकांच्या ठरवलेल्या नावांची यादी, पहिल्यांदा उघडली. तिथल्या रकान्यांना क्रमांक असतात. लेखकाची एक नोंद करायची, १०० मध्ये मुख्य नाव आणि ४०० मध्ये त्याची बाकीची नावं. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे, ग्रेस आणि माणिक गोडघाटे. मग पुस्तकाची नोंद त्या लेखकनोंदीला जोडायची आणि ४०० मधली नावंही शोधात धरण्याची सेटिंग चालू करून इंडेक्स, म्हणजे संगणकाची शोधसूची, पुन्हा बांधून घ्यायचा. दोन्ही नावांनी पुस्तकं असली तर दोन वेगळ्या नोंदी करून त्या ५०० या 'हेही पाहा'च्या रकान्याने जोडाव्यात, असं मानणारे ग्रंथपाल आहेत आणि नियमाला धरून तेच बरोबर आहे. मी मात्र छोट्या ग्रंथालयासाठी ४०० वरच थांबले. माझ्या वाचकाला एका शोधात सगळं मिळायला हवं. शीर्षकपृष्ठावर छापलेलं लेखकाचं नाव पुस्तकाच्या नोंदीत २४५ या शीर्षकाच्या रकान्यात जसंच्या तसं राहतंच.

आडनावाआधीच्या अक्षरांचाही एकच नियम ठरवा. 'चिं. त्र्यं.' आणि 'चिं.त्र्यं.' यांत फरक फक्त एका मोकळ्या जागेचा, पण लेखकांच्या यादीत दोन माणसं उभी राहतात. आम्ही नियम पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी टांगला आहे.

आमच्या नोंदी आधी एका बाहेरच्या माणसाकडून ठेक्याने एक्सेलमध्ये भरून घेतल्या होत्या. ती फाइल 'मार्कएडिट' या प्रोग्रॅममधून मार्क स्वरूपात, म्हणजे ग्रंथालयीन नोंदींच्या त्या क्रमांकांच्या रकान्यांच्या साच्यात आणली, तर पहिल्या वेळी सगळी शीर्षकं प्रश्नचिन्हं झाली. फाइल साध्या सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरात) जतन केली होती, देवनागरी अक्षरं टिकवणारं यूटीएफ-८ निवडलं नव्हतं. हे एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही. आयात चुकली तरी घाबरू नका, कोहात ती मागे घेता येते. आधी पन्नास पुस्तकांवर करून पाहा, मग बाकीच्यांना हात लावा.

दुसरी अडचण सापडायला मात्र महिना गेला. 'वाऱ्या' हा शब्द शीर्षकात असलेलं पुस्तक शोधात येईना. पुस्तक समोर टेबलावर, नोंद पडद्यावर, अक्षरन् अक्षर तेच. नोंदीतला शब्द कॉपी करून शोधला की यायचं, मी टाइप केला की नाही. शेवटी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले आणि बॅकस्पेसने मागून एकेक अक्षर पुसत गेले. माझ्या शब्दात काना गेला, य गेला, हलन्त गेला आणि उरला खाली टिंब असलेला ऱ. ठेकेदाराच्या शब्दात मध्येच एकदा बॅकस्पेस दाबूनही काही हललं नाही, आणि शेवटी उरला साधा र. त्याने र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडखूण-संकेत वापरून तेच रूप उमटवलं होतं. 'ॲ' या अक्षराचंही असंच आहे: एक अखंड, दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. डोळ्याला दोन्ही एक, संगणकाला दोन. तेव्हापासून आयातीआधी मी 'शोधा आणि बदला' करून ही दोन अक्षरं एकसारखी करते. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधली यादी असेल तर आधी ती युनिकोडमध्ये आणा, मगच पुढचं काही करा.

बारकोड स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. नवा आला की नोटपॅड उघडून त्यात एक बारकोड वाचून पाहा. आमच्या बारकोडात आकड्यांआधी इंग्रजी अक्षरं आहेत. एका सकाळी सगळ्याच पुस्तकांना 'नोंद नाही' येऊ लागलं, आणि काउंटरवर सात-आठ माणसांची रांग. कीबोर्ड मराठीवर राहिला होता, त्यामुळे अक्षरं मराठीत उमटत होती. शीर्षक लिहून झालं की भाषा परत इंग्रजीवर आणायची सवय हाताला लावून घ्या.

तयार नोंदी मिळवायच्या तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कॅटलॉग उपयोगी पडतो. त्यांचं दिल्लीत कार्यालय आहे आणि मराठी पुस्तकं तिथून वर्षानुवर्षं घेतली गेली आहेत. मी सुरुवातीला देवनागरीत शोधत बसले आणि हाती काही लागेना. बहुतेक नोंदी रोमन लिपीत आहेत, शोधही तसाच करायचा. तिथला ड्युई वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा ठरलेला आकडा) आणि विषय मी घेते, शीर्षक आणि लेखक देवनागरीत स्वतः लिहिते. मराठी कादंबरीचा ८९१.४६३ आणि कवितेचा ८९१.४६१ कुणाला विचारावा लागत नाही, पण लोककला किंवा शेतीच्या पुस्तकाला तयार वर्गांक मिळाला की जीव भांड्यात पडतो.

सध्या जुन्या पुस्तकांचं कपाट घेतलं आहे. त्यांवर शके छापलेलं असतं. ठेकेदाराने शके १८२९ ची नोंद १८२९ सालाची केली होती, म्हणजे पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षं म्हातारं झालं. आता छापलेलं शके तसंच ठेवून चौकटी कंसात इसवी सन देते, आणि ००८ या सांकेतिक माहितीच्या रकान्यातही तेच इसवी साल इंग्रजी आकड्यांत भरते, कारण सालानुसार क्रम तिथून लागतो.

गुरुजी दर शनिवारी येतात. वहीत टोपणनावं आणि खरी नावं लिहून आणतात. गेल्या वेळी अकरा आणली, त्यातली चार माझ्या फाइलीत नव्हती.