ब्रशचा हस्ताक्षरी फॉन्ट कुठे आणि कसा वापरायचा

दादरला छोटा स्टॉल लावायचाय, हळदीकुंकवाचं कार्ड करायचंय, तर ब्रशने लिहिल्यासारखा फॉन्ट मस्त दिसतो, पण आधी त्यात देवनागरी आहे का ते बघा. पॅसिफिको सगळ्यांना आवडतो पण त्यात मराठी अक्षरंच नाहीत, मराठी टाईप केलं की दुसराच फॉन्ट उमटतो आणि आपल्याला कळतही नाही. हाताने लिहिल्यासारखं हवं तर कलम नावाचा फॉन्ट घ्या, तीन वजनांत, म्हणजे बारीक, साधा आणि जाड असा मिळतो. यात्रा वन मला जास्त जवळचा, कारण तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय, ब्रशचा कट अक्षरात दिसतो. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, धंद्यासाठीही चालतात.

आता मेन गोष्ट. असा फॉन्ट फक्त नावाला नाहीतर एका ओळीला वापरा, पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या मुक्तासारख्या फॉन्टमध्ये टाका, नाहीतर आजीला कार्ड वाचताच येणार नाही. अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका हं, शिरोरेषा तुटते आणि सगळी मजा जाते. क्ष, ज्ञ, र्‍य, ट्ट असली जोडाक्षरं आधी टाईप करून बघा, ल आणि श मराठी वळणाचे येतायत का तेही, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं आणि ते मला तरी खटकतं.

फ्लेक्सवाल्याला फाईल देताना अक्षरं आउटलाईन करून, म्हणजे टाईप केलेल्या मजकुराचे आकार बनवून द्या, त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तर सगळी वेलांटी-उकार इकडेतिकडे.