आत्याचं लंडनमधलं घर रिकामं करताना: आधी कागद, मग डबे, सोफा सगळ्यात शेवटी

माझी आत्या १९७१ साली नर्स म्हणून विलायतेला गेली आणि तिथलीच झाली. लंडनच्या वायव्येला केंटन नावाचं उपनगर आहे. तिथे १९३० च्या दशकात बांधलेल्या जोडघरांच्या रांगेत तिचं घर होतं. नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात तिने नोकरी केली, लग्न केलं नाही आणि मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव घातलं. मी पुण्याची, बँकेतून निवृत्त झालेली. पंधरा दिवसांत घर रिकामं होईल असं धरून गेले होते. प्रत्यक्षात दोन फेऱ्या आणि एकूण एकेचाळीस दिवस लागले. ज्यांच्यावर अशी वेळ येणार आहे त्यांचे निम्मे दिवस तरी वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

कपाटाला हात लावण्याआधी आपल्याला तो अधिकार आहे का ते बघा. मृत्युपत्र असेल तर इंग्लंडमध्ये एक्झिक्युटरचा अधिकार मृत्यूच्या दिवसापासून चालू होतो. मृत्युपत्र नसेल तर कोर्टाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत किमती वस्तू हलवू नका, वाटू तर मुळीच नका. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, हा शब्द मुंबईकरांना नवा नाही, इंग्लंडमध्येही तोच चालतो. घर विक्रीला लावता येतं, पण प्रोबेट हातात आल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. प्रोबेटसाठी मूळ मृत्युपत्र पाठवावं लागतं. त्याच्या स्टेपलच्या पिना काढू नका, झेरॉक्ससाठीसुद्धा नाही. पिनेची भोकं दिसली की एखादं पान काढलं असावं अशी शंका येते आणि खुलासे देत बसावं लागतं.

सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक उघड्या कपाटाचे आणि ड्रॉवरचे फोटो काढा. तिथला वारसा कर ३,२५,००० पौंडांच्या वरच्या रकमेवर ४० टक्के असतो, आणि भाचरांना मुलांसारखी घरावरची जादा सवलत मिळत नाही. हिशेबात घरासोबत आतलं सामानही धरतात. किंमत धरायची ती मृत्यूच्या दिवशी बाजारात जी आली असती ती, खरेदीची नव्हे. दागिने, चांदी, घड्याळं यांचं मूल्यांकन सामान जागेवर असतानाच करून घ्या. ज्या महिन्यात मृत्यू झाला त्यापुढच्या सहाव्या महिन्याच्या अखेरपर्यंत कर भरायला सुरुवात व्हावी लागते. म्हणून सोनाराला आणि घराची किंमत काढणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात बोलावलं.

पहिल्या दिवसाची कामं साधी आहेत. गॅस आणि विजेच्या मीटरचे फोटो घ्या. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधा, आत्याच्या घरी तो सिंकखालच्या कपाटात मागे दडलेला होता. घर विम्याच्या कंपनीला घर रिकामं असल्याचं कळवा. घर ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं की बहुतेक साध्या पॉलिसींचं संरक्षण तुटपुंजं होतं, तेव्हा रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. थंडीत हीटिंग पूर्ण बंद करू नका. पाइपात पाणी गोठून पाइप फुटला तर छत खाली येतं. काउन्सिल टॅक्सची, म्हणजे तिथल्या पालिकेच्या घरपट्टीची, मात्र चिंता नको: मृत व्यक्तीच्या नावावरच्या रिकाम्या घराला प्रोबेट मिळेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत सूट असते, फक्त ती मागावी लागते.

आता कागद. इथे माझी मोठी चूक झाली. पहिल्या संध्याकाळी मी बँकेची जुनी स्टेटमेंट्स समजून दोन मोठ्या पिशव्या भरून रिसायकलिंगच्या डब्याशेजारी ठेवल्या. शेजारच्या काकू, केनियातून आलेलं गुजराती कुटुंब, सकाळी दारात उभ्या. "दीदी असं कधीच टाकत नव्हत्या, एकदा बघून घे." बघितलं तर एका लिफाफ्यात प्रीमियम बाँडची प्रमाणपत्रं. सरकारी बचत योजनेचे हे बाँड १९५६ पासून आहेत. त्यांना व्याज नसतं, दर महिन्याला सोडत निघते. बाँडधारक गेल्यावरही बारा महिने ते सोडतीत राहतात आणि मूळ रक्कम तर वारसांचीच असते. कचऱ्याची गाडी गुरुवारी यायची, तो मंगळवार होता.

तेव्हापासून मी नियम केला: पहिले पाच दिवस घराबाहेर एकही कागद जाणार नाही. जेवणाच्या टेबलावर चार ढीग केले. एकात बँक, पेन्शन, विमा. दुसऱ्यात घर. तिसऱ्यात पत्रं आणि फोटो. चौथा खात्रीचा कचरा, आणि तोही शेवटी फाडूनच टाकायचा. घराच्या ढिगाकडे नीट लक्ष द्या. इंग्लंड-वेल्समध्ये घर विकताना त्याची सरकारी भूमी नोंदणी करणं १ डिसेंबर १९९० पासून सगळीकडे सक्तीचं झालं. त्याआधी घेतलेलं आणि तेव्हापासून एकाच मालकाकडे राहिलेलं घर नोंदलेलंच नसू शकतं. मग लाल फितीने बांधलेला जुना दस्तऐवजांचा गठ्ठा हाच मालकीचा पुरावा ठरतो. आत्याचा गठ्ठा पलंगाखालच्या सुटकेसमध्ये, स्वेटरांच्या खाली होता. खिडक्या बदलल्याची हमीपत्रं, बॉयलरच्या सर्व्हिसचे कागद, मागची खोली वाढवल्याची परवानगी हे सगळंही त्याच ढिगात जाऊ द्या, खरेदीदाराचा वकील एकेक मागतो.

कागदांनंतर डबे. तिच्या पिढीच्या बायकांचा बँकेपेक्षा डब्यावर विश्वास जास्त. बिस्किटांचा डबा, साबुदाण्याचा डबा, बटणांचा डबा, पावडरचा रिकामा डबा, सगळे उघडा, उलटे करा, तळाचा कागद काढा. गव्हाच्या पिठाच्या डब्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पाटल्या निघाल्या. कोटांचे खिसे, पर्सचं अस्तर, पुस्तकांची पानं चाळा. वीस पौंडांच्या अकरा कागदी नोटा ज्ञानेश्वरीत सापडल्या. कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा कायम बदलून देते. हे माहीत नसलं तर माणूस हळहळत त्या फेकून देतो.

स्वयंपाकघराला मी अर्धा दिवस धरला होता, तीन दिवस गेले. पाटा-वरवंटा, पुरणयंत्र, सोऱ्या, पितळी खलबत्ता, चार पोळपाट. फ्रीझरमध्ये तिच्या अक्षरात "गणपती" लिहिलेली मोदकांची पिशवी. मी त्यातले दोन उकडून खाल्ले, एक शेजारच्या काकूंना दिला, मग फ्रीझर बंद केला. असं काही करायचं असेल तर ते पहिल्या आठवड्यात करून घ्या. शेवटच्या दिवशी गाडी दारात असते आणि हात थांबत नाहीत.

भांड्यांबाबत माझं मत स्पष्ट आहे. आठवण म्हणून फडताळात ठेवण्यापेक्षा जो वापरेल त्याला द्या. महाराष्ट्र मंडळ, लंडन ही १९३२ पासूनची संस्था, डॉलिस हिलला तिची वास्तू आहे. आत्या तिथे गणपतीला जायची. तिथल्या ओळखीच्या घरांत विचारलं. नुकतंच लग्न होऊन आलेल्या एका मुलीने पुरणयंत्र आणि सोऱ्या नेला, दोन कुटुंबांनी मराठी पुस्तकं नेली. तिथल्या चॅरिटी शॉपना, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानांना, मराठी पुस्तकांचं काय करावं ते कळत नाही, तेव्हा आधी आपली माणसं शोधा. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मी हातातल्या बॅगेत आणले. सामानाच्या बॅगेत देव आणि दागिने कधीच घालू नका.

औषधं कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, कोणतीही फार्मसी परत घेते. वॉकर, कमोडची खुर्ची, बाथरूममधला पाट हे बहुधा एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) किंवा काउन्सिलचं असतं. त्यावर फोन नंबरचं लेबल असतं, त्यांना कळवा.

सोफा, गाद्या, कपाटं यांना लोक सगळ्यात आधी हात घालतात, कारण जागा त्यांनीच व्यापलेली असते. ती शेवटी काढा. तोवर बसायला, झोपायला, ढीग लावायला तीच लागतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था चांगलं फर्निचर घरून फुकट नेतात, पण गादीच्या सोफ्याला आणि खुर्च्यांना अग्निसुरक्षेचं लेबल शिवलेलं असलंच पाहिजे. हा नियम १९८८ पासूनचा आहे. आत्याने कात्रीने लेबल कापून टाकलं होतं, त्यामुळे उत्तम सोफा कुणी घेतला नाही. जुन्या सोफ्यांच्या फोमात आणि कापडात घातक रसायनं असू शकतात म्हणून ते जमिनीत पुरू देत नाहीत, जाळावे लागतात. साध्या स्किपमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, ते टाकता येत नाहीत. फ्रिज, रंगाचे डबे, टीव्ही हेही त्यात चालत नाहीत. स्किप रस्त्यावर ठेवायचा तर काउन्सिलची परवानगी लागते.

व्हॅनवाल्यांपासून सांभाळा. मी जाहिरात बघून एकाला बोलावलं. त्याने रोख पैसे घेतले, पावती दिली नाही आणि आमची गादी दोन मैलांवर झुडपात पडलेली सापडली, आत्याच्या नावाच्या लिफाफ्यासकट. तिथे कचरा उचलणाऱ्याकडे परवाना लागतो. पर्यावरण खात्याच्या सार्वजनिक यादीत तो आहे की नाही हे बघणं घरमालकाचं काम आहे, नाहीतर ६०० पौंडांपर्यंत दंड आपल्यालाच होऊ शकतो. परवाना क्रमांक विचारा, यादीत पडताळा, गाडीच्या नंबरचा फोटो घ्या, पावती घ्या.

माळ्यावर एकट्याने चढू नका. तिथे तुळयांमध्ये नुसतं इन्सुलेशन पसरलेलं असतं, मध्ये पाय पडला तर सरळ खालच्या खोलीत. गॅरेजचं नागमोडी करडं छप्पर किंवा छताचा खडबडीत नक्षीचा थर फोडू, घासू नका. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या घरात ते असू शकतं.

माळ्यावर मला निळ्या एरोग्रामची, म्हणजे परदेशी पाठवायच्या हवाई पत्रांची, ट्रंक मिळाली. माझ्या आजीने आत्याला लिहिलेली सगळी पत्रं, साल घालून बांधलेली. ती मी तिथे वाचली नाहीत. वाचत बसलं की दिवस जातो आणि निर्णय घेण्याची ताकदही जाते. ट्रंक जशीच्या तशी बाजूला ठेवा, घरी आणून वाचा.

भारतात काय आणायचं ते वजन बघून ठरवा. मृत व्यक्तीचं वापरलेलं घरगुती सामान शुल्काशिवाय आणण्याची सोय भारतीय कस्टम्समध्ये आहे, मात्र ते सामान तिचंच होतं असं तिथल्या भारतीय हाय कमिशनचं प्रमाणपत्र लागतं. समुद्रमार्गे पेटी पाठवायची असेल तर हे काम लंडनमध्ये असतानाच करा. दागिने विमानतळावर जाहीर करा, मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवा. पैशांचं म्हणाल तर परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली तिथली मालमत्ता भारतातल्या माणसाला ठेवता येते, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ६(४) मध्ये तशी तरतूद आहे. आपल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ती दाखवावी लागते. घर आधी आपल्या नावावर करून मग विकलं तर परदेशात राहणाऱ्यांनी व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत ब्रिटिश कर खात्याला कळवायचं असतं, कर शून्य असला तरी. तिथला वकील आणि इथला सीए, दोघांना एकाच ईमेलवर घ्या.

विक्रीच्या कागदांत एक फॉर्म असतो: कोणती वस्तू घरात राहणार आणि कोणती जाणार. पडदे, त्यांच्या दांड्या, दिवे, मागच्या अंगणातली शेड, सगळं त्यात येतं. घर रिकामं करण्याआधीच तो फॉर्म हातात घ्या. मी पडदे काढून देऊन टाकले आणि मग फॉर्मवर "पडदे राहतील" असं वकिलाने आधीच लिहिलेलं दिसलं. धावत जाऊन नवे घ्यावे लागले.

शेवटच्या दिवशी पुन्हा मीटरचे फोटो घेतले, रिकाम्या खोल्यांचेही घेतले. पाण्याचा कॉक कुठे आहे, बॉयलर कसा चालू करायचा, कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते हे एका कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. एक किल्ली एजंटकडे दिली. दुसरी शेजारच्या काकूंना दिली, अंगणातल्या कढीपत्त्याच्या कुंडीसकट. आत्या ती दर थंडीत घरात घ्यायची, हे त्यांना ठाऊक होतं.