टेम्प्लेटवरून कॉन्फिग फाइल्स बनवताय? या चुका टाळा

पायथॉनची स्क्रिप्ट एरर देऊन मध्येच थांबली, तर फारसं बिघडत नाही. काय चुकलं ते कळतं, दुरुस्त करता येतं. खरा घात होतो तो स्क्रिप्ट सुरळीत चालते, ढीगभर फाइल्स तयार होतात आणि त्यातल्या दोन-तीन चुकीच्या असतात तेव्हा. म्हणून डेटात खोट असेल तर स्क्रिप्ट तिथेच अडली पाहिजे, या बेतानेच ती लिहा.

सगळ्यात जास्त छळणारी चूक म्हणजे रिकामं राहिलेलं व्हेरिएबल. टेम्प्लेटमध्ये 'होस्टनेम' आहे आणि डेटात 'होस्ट_नेम', तर जिंजा (टेम्प्लेटमध्ये डेटा भरणारी पायथॉनची लायब्ररी) तक्रार करत नाही; त्या जागी काहीच न छापता पुढे जातं. जिंजाचं एन्व्हायर्नमेंट (तिची सेटिंग्ज धरणारा ऑब्जेक्ट) तयार करताना 'अनडिफाइन्ड' या पॅरामीटरला 'स्ट्रिक्टअनडिफाइन्ड' द्या. मग अशा ठिकाणी एरर येते आणि तिच्यात व्हेरिएबलचं नावही असतं.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डेटा सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलमधून) येत असेल आणि सेल रिकामा असेल, तर ती फाइल वाचणारा पायथॉनचा 'डिक्टरीडर' रिकामी स्ट्रिंग देतो. ओळीत शेवटचे कॉलमच नसतील तर 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही') देतो, आणि कॉन्फिगमध्ये गेटवेच्या पत्त्याऐवजी चक्क 'नन' हा शब्द छापला जातो. या दोन्ही गोष्टी स्ट्रिक्टअनडिफाइन्डला दिसत नाहीत, कारण त्याच्या लेखी व्हेरिएबल आहे. त्यामुळे रेंडर करण्याआधी, म्हणजे टेम्प्लेट भरण्याआधी, प्रत्येक ओळीतले आवश्यक कॉलम स्वतः तपासा. आयपी पत्ते पायथॉनच्याच 'आयपीअ‍ॅड्रेस' मॉड्यूलने तपासून घ्या. पत्त्यात २५६ आला की तिथेच व्हॅल्यूएरर येते.

दुसरी चूक शोधायला फार अवघड. डीफॉल्ट सेटिंग्जची एकच डिक्शनरी लूपबाहेर ठेवायची आणि आत प्रत्येक डिव्हाइससाठी तिच्यावरच 'अपडेट' चालवायचं, असा कोड सर्रास दिसतो. पहिल्या राउटरला वेगळा एनटीपी सर्व्हर (घड्याळाची वेळ पुरवणारा) दिला आणि दुसऱ्याला दिलाच नाही, तर दुसऱ्याच्या फाइलमध्ये पहिल्याचा सर्व्हर उतरतो. ओळींचा क्रम बदलला की फाइल्सही बदलतात, ही या चुकीची खूण. लूपच्या आत दर वेळी नवी डिक्शनरी करा, आणि आत लिस्ट किंवा आणखी डिक्शनऱ्या असतील तर त्यांचीही वेगळी प्रत करणारं 'डीपकॉपी' वापरा.

सीएसव्हीत पहिला कॉलम डोळ्यांना दिसतोय आणि तरी त्याच्याच नावाने कीएरर (हे नाव सापडत नाही अशी एरर) येतेय? एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या सुरुवातीला बीओएम हे न दिसणारं चिन्ह असतं आणि ते पहिल्या नावाला चिकटतं. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. शिवाय सीएसव्हीच्या सेलमधून येणारी प्रत्येक व्हॅल्यू स्ट्रिंगच असते. 'फॉल्स' लिहिलेला सेल 'इफ'मध्ये खरा ठरतो, कारण ती रिकामी नसलेली स्ट्रिंग आहे.

जिंजाऐवजी साधं 'फॉरमॅट' वापरत असाल, तर जेसन फाइल्समधल्या किंवा एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधल्या महिरपी कंसांवर ते अडखळणार. पायथॉनच्या 'स्ट्रिंग' मॉड्यूलमधल्या 'टेम्प्लेट'चा डॉलर एन्जिनएक्सच्या स्वतःच्या व्हेरिएबल्सशी भिडतो, आणि त्यावर तोडगा म्हणून 'सेफ_सबस्टिट्यूट' घेतलं की गाळलेल्या जागा न सांगता तशाच राहतात. ही पळवाट टाळाच.

फाइल लिहिताना 'डब्ल्यू' मोड जुनी फाइल बिनबोभाट पुसतो. यादीत एकच होस्टनेम दोनदा आलं तर एक फाइल कमी बनते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दर वेळी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये 'एक्स' मोडने लिहा. नाव आधीच असेल तर एरर येईल. विंडोजवर बनवून लिनक्सवर पाठवणार असाल, तर 'न्यूलाइन' पॅरामीटरला फक्त लाइनफीड द्या.

शेवटी, फाइल्स पाठवण्याआधी मागच्या वेळच्या फाइल्सशी डिफ, म्हणजे ओळीओळीतला फरक, काढा. एन्जिनएक्सची स्वतःची तपासणी सिंटॅक्स पकडते, पण व्यवस्थित लिहिलेला चुकीचा पत्ता तिला खटकत नाही. टेम्प्लेटमध्ये एकच ओळ बदलली असेल, तर प्रत्येक फाइलच्या डिफमध्ये तेवढीच दिसायला हवी. जिथे जास्त ओळी दिसतील, ती फाइल आधी उघडा.